नाकाची जागा

चित्रकलेच्या तासाला ट्रेसिंग पेपरची जी संभावना होते, तीच परीक्षेच्या हॉलमध्ये गाइडची होते. कागदाचा कोपरा दप्तरातून डोकावला, की सरांच्या कपाळाला आठी. ‘छापलंस ना रे?’ या प्रश्नाचा सूर थेट पोलीसचौकीतला. तोच मुलगा पुढच्या तासाला भारताचा नकाशा हाताने काढतो, त्यात सौराष्ट्र जरा सुजते, आणि भूगोलाच्या बाई विचारतात, ‘ट्रेस करायला काय झालं होतं?’ थोडक्यात, सौराष्ट्र छापले तर नेमकेपणा आणि गुलाब छापला तर लबाडी! माझे म्हणणे असे, की या कागदाच्या जोरावर लबाडी पचतच नाही. तो लबाडाला हमखास उघडा पाडतो.

कारण ट्रेसिंग पेपर फक्त जागा दाखवतो. नाक कुठे आहे हे त्यातून कळते, नाक काढायचे कसे हे कळत नाही. मूळ चित्रकाराने जी रेघ एका दमात ओढलेली असते, तीच छापणारा थांबत थांबत, कागद सरकेल या धास्तीने गिरवतो. मग मुळात चौखूर उधळलेला घोडा छापल्यावर नुकताच टायफॉइडमधून उठल्यासारखा दिसतो. जीवशास्त्राची जर्नले पाहा. बेडकाची पचनसंस्था सीनियरच्या जर्नलावरून उतरवलेली, त्याने ती त्याच्या सीनियरच्या जर्नलावरून. दर वर्षी यकृत तांदूळभर सरकते आणि काही पिढ्यांनी तो प्राणी डार्विनलाही ओळखू येऊ नये. चोरी म्हणावी, तर माल इतका बिघडवणारा चोर विरळाच.

यावर कोणी म्हणेल, खऱ्या कलावंताला असल्या कुबड्या लागत नाहीत. इथे मात्र इतिहास सरांच्या विरुद्ध साक्ष देतो. इटलीच्या चेनिनो चेनिनीने सहा शतकांपूर्वी चित्रकारांसाठी लिहिलेल्या पुस्तकात, करडाचे कातडे खरवडून, त्याला जवसाचे तेल लावून पारदर्शक कसे करावे, हे सांगून ठेवले आहे. राफाएलच्या ‘स्कूल ऑफ अथेन्स’चा मूळ आराखडा मिलानच्या आंब्रोझियाना संग्रहालयात आहे, त्यातल्या आकृत्यांच्या कडांनी सुईने टोचलेली भोके आहेत. भोकांवरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटली, की खाली ठिपक्यांची रेघ उमटते. आपल्याकडे भरतकामाचे नमुने छापणारा आजही हेच करतो. फक्त कोळशाऐवजी रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने फिरवतो, आणि पदरावर कोयरी हजर. तिला कोणी चोरीची कोयरी म्हणत नाही.

आता खरा मुद्दा: राफाएल स्वतःचेच चित्र छापत होता, आपण दुसऱ्याचे छापतो. हा आक्षेप वजनदार आहे आणि दुसऱ्याचे चित्र आपल्या सहीने खपवणाऱ्याची वकिली मला करायची नाही. पण राजस्थानी आणि पहाडी चित्रशाळांत हरणाच्या पातळ कातड्यावर उतरवलेले चरबे घराण्याची मिळकत म्हणून जपले जात. आजोबांच्या रेघेवरून नातू राधा काढी. त्याला जागा आयती मिळे, डोळ्यातली नजर स्वतःच आणावी लागे. ज्याला ती जमत नसे, त्याची राधा चरबा असूनही ठोकळाच राही.

‘पण हात वळत नाही’ हे सरांचे शेवटचे अस्त्र. नुसते गिरवून नाहीच वळत, कबूल. हात वळो न वळो, कागद उलटायला मात्र शिकावे लागते. रीतीप्रमाणे चित्र उतरवल्यावर ट्रेसिंग पेपर पालथा करायचा, मागून त्याच रेघांवर मऊ ४बी पेन्सिल फिरवायची, मग सुलटा ठेवून वरून टोकाने दाबत जायचे. आळशी माणूस मधली पायरी गाळतो आणि कागद पालथाच ठेवून घासतो. चित्र उमटते झकास, फक्त आरशातले. सरस्वती डावखुरी होते तोवर ठीक. पण डाव्या सोंडेचा गणपती छापायला घेतलेला असतो, आणि कागद उचलावा तर समोर उजव्या सोंडेचा, कडक सोवळ्याचा!