इंग्रजांनी रेल्वे का आणली? (गुण 5)

इंग्रजांनी हिंदुस्थानात रेल्वे का आणली, असं कोणी विचारलं तर एकदम उत्तर देऊ नये. आधी विचारावं, 'कितव्या सालच्या पुस्तकातलं हवं?'

गाडी एकच. 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, तीन इंजिनं, चौदा डबे, चारेकशे पाहुणे आणि वर 21 तोफांची सलामी. पणजोबांच्या पुस्तकात ती रयतेच्या कल्याणासाठी सुटली. त्याच पाठात तारयंत्र आलं, टपाल आलं, ठग-पेंढारी गेले आणि सरकारचे उपकार कसे फेडावेत, या विवंचनेत पाठ संपला. मग 1947 साल उजाडलं. आता तीच गाडी वऱ्हाडातला कापूस घेऊन बंदराकडे निघाली आणि मँचेस्टरचं कापड घेऊन परतली. नातवाच्या पुस्तकात ती दोन्ही कामांसाठी धावते.

आमच्या गल्लीतल्या क्लासच्या सरांनी यावर तोडगा काढलाय. प्रश्नात 'आधुनिकीकरण' दिसलं की पहिला मुद्दा रेल्वे. 'आर्थिक शोषण' दिसलं तरी पहिला मुद्दा रेल्वेच. मधले मुद्दे जसेच्या तसे ठेवायचे, शेवटचं वाक्य तेवढं फिरवायचं. दादाभाई नौरोजी दोन्हीकडे चालतात. रेल्वे बांधणाऱ्या कंपन्यांच्या विलायती भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती आणि कंपनीला तोटा झाला तर तो इथल्या महसुलातून भरला जाई, ही खरी गंमत. पण ती समजावून सांगण्यात तास जातो, आणि पोर्शन कोण संपवणार?

आपण बदल करत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. 1857 चे बंडखोर पुस्तकाच्या पुस्तकात स्वातंत्र्ययोद्धे झाले. काडतुसं तेवढी जागची हलली नाहीत. 'तात्कालिक कारण' म्हणून ती अजून तिथेच आहेत, चौकटीत.

गोव्यात तर याहून मजा. 1961 पर्यंत तिथल्या सरकारी लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, मुलं पोर्तुगालचे राजे आणि पोर्तुगालच्या नद्या घोकत होती. मांडवी खिडकीतून दिसत होती, पण ती परीक्षेला नव्हती. 19 डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि त्या नद्या आटल्या. घोकणं आटलं नाही.

पुस्तकावर विश्वास न ठेवणारा विद्यार्थी आपल्याकडे होऊन गेला आहे. साताऱ्याला रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास 1826 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे राज्य ज्यांनी बुडवलं त्यांनीच बुडीत खात्याचा जमाखर्च मांडला. कॅपन या इंग्रज अधिकाऱ्याने केलेलं त्या इतिहासाचं भाषांतर मराठी शाळांतून वाचलं जाई. नीळकंठ जनार्दन कीर्तने कॉलेजात शिकत असताना त्यावर टीका लिहायला बसले आणि साहेबाच्या चुका त्यांनी पुराव्यानिशी दाखवल्या. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. आज एखाद्या मुलीने पाठ्यपुस्तकाच्या चुका उत्तरपत्रिकेत अशा मांडल्या तर परीक्षक समासात लिहील, 'पुस्तकाबाहेरचे', आणि आदर्श उत्तरपत्रिकेशी जुळत नाही म्हणून पाचपैकी शून्य देईल.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात म्हणून उचलू नका. मुखपृष्ठ उलटून आवृत्तीचं साल बघा, आणि मगच ठरवा इंग्रज कशासाठी आले होते ते.