पानिपतावर कोणी गेलंच नव्हतं

प्रस्तुत लेखकाला पूर्वज हवे होते ते पानिपतावर पडलेले. अटकेपार गेलेले असते तरी चाललं असतं. घराण्याचा विषय निघाला की 'आमचं मूळ लढवय्यं' असं तो मोघम सांगे. पुरावा एकच, तापटपणा. आजोबा तापट, वडील तापट आणि लेखक तर रिक्षावाल्यापासून घरच्या कुकरपर्यंत सगळ्यांशी भांडणारा. हा राग थेट तलवारीच्या पात्यावरून आपल्यापर्यंत उतरलाय, याचा त्याला अभिमानच होता.

रोग त्याच्या एकट्याचा नाही. 14 जानेवारी 1761 ला ज्यांचे पूर्वज पानिपतावर लढले अशा पुणेकरांची शिरगणती केली, तर अब्दालीला मैदानात उभं राहायलाही जागा उरत नाही.

कुलवृत्तांत तर बघायलाच नको. म्हणजे बघावाच. गोत्र, कुलदैवत, मूळपुरुष आणि मग पानोपानी कर्तबगारी. कोण मामलेदार झाला, कोणाला रावबहादुरकी मिळाली, कोणी विहीर बांधली. कोणाचं दुकान बुडालं, कोण दारू प्यायचा, कोणाची बायको माहेरी गेली ती परतलीच नाही, याबद्दल अवाक्षर नाही. बायकांच्या वाट्याला जेमतेम अर्धी ओळ. या ग्रंथांतल्या एकाही पुरुषाला कधी मूळव्याध झालेली नाही. लेखकाला हे वाचताना फार बरं वाटायचं. आपल्या घराण्याचा वृत्तांत अजून कोणी छापला नाही, एवढंच खुपायचं.

अमेरिकेत, अटलांटाच्या एमरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवश यांनी या शतकाच्या सुरुवातीला मुलांना विचारायला 20 प्रश्न काढले. आईवडिलांची भेट कुठे झाली? आजीआजोबा कुठे वाढले? घरावर कोणतं संकट आलं होतं? उत्तरं ठाऊक असलेल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास जास्त दिसला. मात्र नुसती उत्तरं पाठ करून घेऊन काही साधत नाही, हेही ड्यूक यांनीच बजावलं. घरात बसून गोष्टी सांगायची-ऐकायची सवय असावी लागते. शिवाय ज्या गोष्टीत घराणं चढतं, आपटतं आणि पुन्हा उठतं, ती मुलांना सर्वांत जास्त बळ देते, असं त्यांचं मत. यादीत लढाईवर एकही प्रश्न नाही, हे लेखकाला जरा लागलंच.

तरीही तो पूर्वजांच्या शोधात नाशकाला गेला. रामकुंडापाशी तीर्थोपाध्यायांना आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते बरोबर तुमच्या घराण्याची वही काढतात. यात्रेला, अस्थिविसर्जनाला आलेल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या हाताने नावं लिहिलेली असतात. गुरुजींनी जाड बासन सोडलं, पानं उलटली आणि एका मोडी ओळीवर बोट ठेवलं. पणजोबांचं हस्ताक्षर, शेवटी शाई फुटलेली. शके 1840, कार्तिक. पत्नीच्या अस्थी घेऊन आलो. खाली दोन मुलांची नावं, पुढे 'मयत'. आणि सोबत आलेला मुलगा, वय 9.

ते आजोबा.

1918 चा शेवट, मानमोडीची म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. हिंदुस्थानात कोटीहून जास्त माणसं त्यात गेली. आजोबा घरात कोणी खोकलं तरी का ओरडायचे, तापलेल्या पोराच्या उशाशी बसून त्यालाच शिव्या का घालायचे, हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. आजोबांनीही नाही. लेखक तिथे पायरीवर बराच वेळ बसून राहिला. मुलीला ताप आला की आपणही असेच ओरडतो, हे त्याच्या तिथे लक्षात आलं. तलवार वगैरे काही नव्हती. एक 9 वर्षांचं पोर घाबरलं होतं आणि ती भीती रागाचे कपडे घालून तीन पिढ्या घरात वावरत होती.

घरी येऊन त्याने हे सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "कारण कळलं ना? मग आता ओरडणं थांबवायला हरकत नाही." ओरडणं काही पूर्ण थांबलेलं नाही. पण मुलगी आजारी पडली की आता तो आधी थर्मामीटर शोधतो आणि मग ओरडतो. मुलीच्या मते ही प्रगती आहे.

ज्यांची एखादी म्हातारी आत्या किंवा मावशी हयात आहे, त्यांनी तिला आजच फोन करावा. पराक्रम विचारू नयेत. कोण कशाने गेलं आणि मागे राहिलेल्यांनी कसं निभावलं, ते विचारावं. फोन फक्त दुपारी करू नये, ती झोपलेली असते.