कायमचे काका

आमच्या रत्नागिरीत बाहेरून येऊन मुक्काम ठोकणाऱ्यांची परंपरा जुनी आहे, पण ती बरीचशी सक्तीची. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ साली आला तो इंग्रजांच्या पहाऱ्यात. सावरकर १९२४ साली आले ते स्थानबद्ध म्हणून. स्वखुशीने, पदरचं भाडं भरून, टेम्पो करून येतात ते फक्त ‘कायमचे काका’. उभा जन्म डोंबिवलीत काढून निवृत्तीनंतर ‘आता कायमचा गावी’ असं शंभर जणांना सांगून निघालेले. सोसायटीने निरोपाला शाल-श्रीफळ दिलेलं असतं. ते श्रीफळही टेम्पोत चढतं. नारळ कोकणात न्यायचा असतो!

काका सरकारी नोकरीतले असले तर जन्मतारीख हमखास १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या वर्गाला तीच देऊन टाकलेली. त्यामुळे ३१ मेला निवृत्ती, आठवडा आवराआवरीत, आणि ऐन मृगावर टेम्पो हलतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या गावी कापसाच्या गाद्या न्यायला याहून वाईट मुहूर्त पंचांगात शोधून सापडणार नाही.

टेम्पोत मानाची जागा निळ्या पिंपाला. पाणीकपातीच्या काळात घेतलेलं. आता त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कपबश्या, आणि बाहेर काकांच्या कारकुनी अक्षरात ‘काच. वर काही ठेवू नये.’ त्याच्यावर शिलाई मशीन ठेवलेलं असतं.

“अहो, घरी बारमाही विहीर आहे. पिंप कशाला?” काकू विचारतात.

“असू दे. पाणी गेलं तर?”

विहिरीतलं पाणी कुठे जातं, हे काकू विचारत नाहीत. एवढ्या वर्षांच्या संसाराने त्या शहाण्या झालेल्या असतात. देवांचा डबा मांडीवर घेऊन त्या गुपचूप मुलाच्या गाडीत बसतात. काका टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी, पायांत गॅलरीतली तुळस धरून.

निघायचं पहाटे चारला, ‘ट्रॅफिक लागायच्या आत’. तो पनवेललाच लागतो. पनवेल-इंदापूर चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं, तेव्हापासूनचं प्रत्येक डायव्हर्जन काकांच्या ओळखीचं. “डावीकडून घे रे, गणपतीत मी इथूनच गेलो होतो.” डावीकडे आता रस्ता नसतो, खडीचा ढीग असतो. ड्रायव्हर “होय काका” म्हणतो आणि सरळ जातो. वडखळला वडापाव, माणगावला चहा, आणि दोन्हीकडे ‘पूर्वीची चव राहिली नाही’ हा शेरा. कशेडीच्या बोगद्याने मात्र काकांचं मोठंच नुकसान केलंय. पोलादपूरला घाटातल्या भुताची गोष्ट सुरू करावी, तर भूत आडवं यायच्या आत खेड येतं.

हातखंब्याच्या तिठ्यावर टेम्पो उजवीकडे वळला की काका काच खाली करतात. “हवा बघ, हवा!” पुढे चिऱ्यांचा ट्रक काळा धूर सोडत चाललेला असतो. ड्रायव्हर हवा बघतो.

खरी परीक्षा घराशी. टेम्पो वरच्या डांबरी रस्त्यावर थांबतो आणि घर पाखाडीने उतरून खाली, माडांच्या आत. त्याच क्षणी पाऊस कोसळतो. वाडीतली पोरं गोणपाटं डोक्यावर घेऊन धावतात. गाद्या, कपाट, मशीन, सगळं निसरड्या पायऱ्यांवरून खाली जातं. काका छत्री धरून पिंपाबरोबर चालतात, ‘सांभाळ, सांभाळ’ करत. छत्री पिंपावर धरलेली असते.

शेजारच्या पडवीतून वहिनी विचारतात, “कधी आलात? किती दिवसांची रजा?”

“रजा कसली वहिनी, कायमचा आलो.”

“असं होय? मग आता गणपती करूनच जा.”

वाडीचा विश्वास बसायला दोन पावसाळे लागतात. मला विचाराल तर माणूस अगदीच टाकाऊ नाही. बंद घराचं कुलूप निघतं, कौलं शाकारली जातात आणि ग्रामपंचायतीला तक्रारअर्ज लिहून देणारा हक्काचा हात मिळतो.

डोंबिवलीची जागा मात्र काकांनी अजून विकलेली नाही. “डॉक्टर तिकडचे आहेत ना,” म्हणतात.