हवे आहेत: आपण, तातडीने, आमच्या अटींवर

प्रति,
अद्याप न सापडलेले सायबर सुरक्षा तज्ज्ञ,
मुक्काम बहुधा हिंजवडी, बंगळुरू किंवा परदेश

सप्रेम नमस्कार वि. वि.

आमच्या सहकारी बँकेने आपल्यासाठी तिसऱ्यांदा जाहिरात दिली, तरी आपला अर्ज नाही. ‘माणसंच मिळत नाहीत हो’ असा ठराव संचालक मंडळाने एकमताने केला आहे. आयएससी2 या संस्थेच्या 2024 च्या पाहणीनुसार जगभरात सुमारे 48 लाख सायबर तज्ज्ञ कमी पडतात. हा आकडा ऐकून चेअरमनसाहेबांना फार बरे वाटले. जगालाच मिळत नाहीत म्हटल्यावर आमचे काय चुकले?

अटी तशा साध्याच होत्या. वय 25 च्या आत, पगार 25 हजार, प्रमाणपत्र सीआयएसएसपी. या प्रमाणपत्राला पाच वर्षांचा पगारी अनुभव लागतो (पदवीधराला एका वर्षाची सूट), असे एका उमेदवाराने फोनवर ऐकवले. मग विशीतच नोकरीला लागायला कोणी अडवले होते? फ्रेशर आम्ही घेत नाही. त्याला शिकवायचे कोणी? आणि शिकवला की तो दुप्पट पगारावर मोठ्या कंपनीत जाणार. शेजारच्या बँकेने शिकवलेला मिळाला तर जरूर घेऊ. शेजारची बँकही याच विचारात असल्याचे कळते.

मुलाखतीला सांगलीची एक मुलगी आली होती. बाकावर बसल्या बसल्या तिने कॅशियरच्या मॉनिटरवर चिकटवलेली चिठ्ठी वाचली आणि आत येऊन बँकेच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड पॅनेलला घडाघडा म्हणून दाखवला. वर म्हणाली, ‘शाखेचं नाव आणि पुढे 123, हे कुणीही ओळखेल.’ पॅनेलवर साखर कारखान्याचे माजी उपाध्यक्ष होते. त्यांनी विचारले, ‘प्रिंटरात कागद अडकला तर काढता येतो का?’ ती म्हणाली, ते माझे काम नाही. शेऱ्याच्या रकान्यात ‘हुशार, पण आगाऊ’ लिहून फाइल बंद केली. चिठ्ठीची दखल मात्र लगेच घेतली. आता ती मॉनिटरच्या मागच्या बाजूला असते.

आपल्या अधिकारांविषयी थोडेसे. सुरक्षाप्रमुख आयटीप्रमुखाच्या हाताखाली नको, असा रिझर्व्ह बँकेचा आग्रह. आमच्याकडे दोन्ही खुर्च्यांवर एकच साहेब बसतात, त्यामुळे कोणी कोणाच्या हाताखाली नाही. हल्ला झाला की सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर संस्थेला कळवा, असा 2022 पासूनचा नियम. आमची टिपणी लिपिकाकडून निघून चेअरमनसाहेबांच्या सहीपर्यंत पोचायला आठवडा लागतो, लग्नसराईत दोन. ते आपण सांभाळून घ्याल. फायरवॉलला हात लावण्याचा अधिकार आपल्याला नसेल, जबाबदारी मात्र सर्वस्वी आपली राहील.

कामाची वेळ 10 ते साडेपाच, दुसरा व चौथा शनिवार सुटी. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तो 11 ऑगस्ट 2018 ला, आणि तोही दुसराच शनिवार होता. एटीएमची यंत्रणाच फसवून चोरट्यांनी 28 देशांतून पैसे काढले, सोमवारी आणखी काही कोटी बँकांच्या ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून हाँगकाँगला पाठवले. सगळे मिळून 94 कोटी. हे ऐकून आमचे एक संचालक म्हणाले, रात्रपाळी ठेवू या. भत्त्याचा हिशेब समोर आल्यावर त्यांनीच सूचना मागे घेतली. त्याऐवजी दारावर दुसरा वॉचमन नेमला आहे, बंदूकवाला.

तरी कृपया अर्ज करावा. ईमेल करू नये. गेल्या मंगळवारपासून आमचा सर्व्हर उघडत नाही आणि स्क्रीनवर कोणीतरी इंग्रजीत बिटकॉइन मागते आहे. मागितलेली रक्कम आपल्या वीस वर्षांच्या पगाराएवढी भरते. ती द्यावी का, यावर मंडळात चर्चा सुरू आहे. आपला पगार वाढवण्याचा विषय अजेंड्यावर नाही.

अर्ज स्वसाक्षांकित, तीन प्रतींत, समक्ष आणून द्यावा. पोच हाताने लिहून मिळेल.

आपला नम्र,
व्यवस्थापक (कर्मचारी विभाग)