सोबतीचे जिभाऊ

नंदुरबार जिल्ह्यात दाढ दुखते एकट्याची, पण काढायला एकटं कोणी जात नाही. सोबत लागते. आणि सोबत म्हणजे बायको नव्हे की भाऊ नव्हे. बायको दवाखान्याच्या पायरीवरच रडायला लागते आणि भावाला नेमकी त्याच दिवशी लाईट असते, म्हणजे पाणी भरायचं असतं. सोबतीला लागतात ते जिभाऊ. नात्यानं ते चुलते असतील, मावसे असतील किंवा नुसतेच गल्लीतले असतील. शहाद्यापासून नवापूरपर्यंत प्रत्येक गावात असा एक माणूस असतो, ज्याला दवाखाना म्हटलं की उत्साह येतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट तो दोनच प्रसंगी घालतो, साखरपुड्याला आणि दुसऱ्याच्या ऑपरेशनला.

जिभाऊंची पात्रता एवढीच, की त्यांची स्वतःची एक अक्कलदाढ निघालेली आहे. तीही सुरतेला. सुरत-भुसावळ रेल्वेच्या काठानं राहणाऱ्या माणसाचा रिवाज असा, की मध्यम दुखणं धुळ्याला न्यायचं आणि सांगण्यासारखं दुखणं सुरतेला. "तेव्हा नंदुरबार जिल्हासुद्धा नव्हता," असं जिभाऊ सुरुवात करतात. ते खरं आहे. जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, दाढ निघाली त्याच्या आधी, त्यामुळे सरकारी हिशेबानं ती धुळे जिल्ह्याची दाढ. खालच्या अक्कलदाढेला साधारण दोन मुळ्या असतात. जिभाऊंच्या दाढेला पहिल्या वर्षी दोनच होत्या, पुढे तीन झाल्या आणि आता सांगतात त्या चार, चारही वाकड्या. डॉक्टरनं उरावर गुडघा ठेवून ओढली, हे वाक्य कहाणीत कायम असतं, आणि ते आलं की समोरचा पेशंट आपला गाल धरून उठतो. त्याला हात धरून खाली बसवत जिभाऊ म्हणतात, "कसाले घाबरस? मी शे ना!"

हे "मी शे ना" झालं, की तयारीचा ताबा त्यांच्याकडे जातो.

पहिला प्रश्न तारखेचा. अमावस्या नको, सारंगखेड्याची यात्रा नको (घोडेबाजारात तोंड सुजवून कोण फिरणार?), कापूस वेचणीला आला असेल तर तो हप्ता नको. सगळी नकोशी काढून झाल्यावर एक वार उरतो, आणि तो नेहमी असा असतो, की त्या दिवशी जिभाऊंची ओली लाल मिरची नंदुरबारच्या बाजार समितीत जायची असते. हा योगायोग पेशंटच्या लक्षात येत नाही. दुखणारी दाढ असलेला माणूस योगायोगाचा विचार करत नाही.

दुसरा प्रश्न पोटाचा. जिभाऊंच्या मते ऑपरेशन म्हणजे उपास. आदल्या रात्री शेवभाजी आणि कळण्याची भाकरी दाबून खायला घालायची, "पुन्हा कधी मिळंल सांगता येत नाही" असं वर म्हणायचं, आणि सकाळी पाण्याचा घोटही द्यायचा नाही. पूर्ण भूल द्यायची असेल तर उपाशी राहावं लागतं, हे बरोबर. पण दाढेसाठी बहुतेक वेळा हिरडीत सुई देऊन तेवढाच भाग बधिर करतात, आणि त्यासाठी माणूस दोन घास खाऊन गेलेला बरा. उपाशी माणसाला खुर्चीत सुई पाहूनच घेरी येते. मग डॉक्टर साखर-पाणी देतात आणि जिभाऊ मागून समजावतात, "औषध स्ट्राँग आहे."

तिसरा प्रश्न गोळ्यांचा, आणि इथं हसू आवरतं घ्यावं लागतं. घरात म्हाताऱ्या माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असली, की जिभाऊ ती आठ दिवस आधी बंद करून टाकतात. "रक्त थांबणार नाही ना!" दाढेतलं रक्त कापूस दाबून, टाका घालून थांबवता येतं. गोळी मनानं बंद केल्यानं हृदयात किंवा मेंदूत गाठ अडकली, तर ती थांबवायला दाताचा डॉक्टर पुरत नाही. गोळी ठेवायची की थांबवायची, हे ज्यानं दिली त्या डॉक्टरनं आणि दाढ काढणाऱ्या डॉक्टरनं मिळून ठरवायचं. जिभाऊंना हा निरोप आजवर अनेकांनी दिलेला आहे. ते मान हलवतात.

वरची दाढ काढली की डोळा जातो, हेही त्यांचंच. त्यांच्या माहितीतल्या एका माणसाचा गेला होता. त्या माणसाला मोतीबिंदू होता, हे दुसऱ्याकडून कळतं.

डॉक्टरकडे जाण्याआधी गावठी उपाय होतात ते वेगळे. लवंगेच्या तेलाला कोणी नावं ठेवू नयेत, त्यानं थोडा वेळ ठणका उतरतो. पण रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून नळीनं दाढेला धुरी घ्यायची आणि मग पाण्यात पडलेले पांढरे कण दाखवून "हे बघ किडे" म्हणायचं, हा खेळ जिभाऊ अजून करतात. फ्रान्समध्ये पिएर फोशार नावाच्या दंतवैद्यानं १७२८ साली दातांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि दातात किडे असतात ही समजूत खोडून काढली. ही बातमी सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत यायची आहे.

दवाखान्यात जिभाऊ पेशंटच्या आधी शिरतात. डॉक्टर पेशंटला विचारतात, उत्तर जिभाऊ देतात. "हाऊ मना पुतण्या शे. शुगर नाही, बीपी नाही." तंबाखू? "नाव नका काढू!" हे चालू असताना पेशंटच्या वरच्या खिशातली पुडी शर्टाच्या कापडातून लाल दिसत असते. राज्यात गुटख्याला बंदी येऊन बराच काळ लोटला, २०१२ सालची गोष्ट आहे ती. खिशाला मात्र हुकूम पोचलेला नाही. मग डॉक्टर सांगतात, स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घाल. दोन जातात, तिसरं अडतं. वर्षानुवर्षं सुपारी चघळून गालाचं आतलं कातडं ताठ होतं, तोंड उघडेनासं होतं, आणि पुढे कॅन्सरची भीती असते. अशा तोंडातून मागची दाढ काढणं डॉक्टरला अवघड आणि पेशंटला त्याहून. त्या वेळी मात्र जिभाऊ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असतात, कारण तीन बोटं त्यांच्याही तोंडात जात नाहीत.

सुई दिल्यावर पेशंट घाबरतो, अर्धा ओठ आपला वाटत नाही, अर्धी जीभ गेली. जिभाऊंकडे याचं उत्तर तयार असतं आणि ते मला मनापासून आवडतं: "नवापूर टेसन पाह्यलं ना? अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. गाडी बरोबर जाते ना? तसंच हे." एका बाजूची नस बधिर केली की त्या बाजूचा ओठ, हिरडी आणि जीभ झोपते, दुसरी बाजू जागी राहते, हे यापेक्षा सोप्या भाषेत कोणी सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. त्या सुईतलं औषध बहुधा लिग्नोकेन असतं. निल्स लोफग्रेन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं ते १९४३ साली तयार केलं. दाढ आज न दुखता निघते त्याचं बरंचसं श्रेय त्याचं. जिभाऊ ते सुरतेला देतात.

एवढ्यात डॉक्टर त्यांना बाहेर काढतात. आतून मशीनचा आवाज सुरू होतो, आणि बाकावर बसलेले जिभाऊ पांढरे पडतात. स्वतःचा धीर टिकवायला ते शेजारच्या पेशंटना सुरतेची हकिकत सांगायला घेतात. उरावरचा गुडघा येईपर्यंत एक जण चप्पल शोधू लागतो, चार मुळ्या येईपर्यंत दुसरा "गाडी लावून येतो" म्हणून जातो. तो परत येत नाही.

खरे जिभाऊ दिसतात ते दाढ निघाल्यावर. दाढेच्या जागी कापसाची घडी ठेवलेली, ती अर्धा-पाऊण तास दाबून धरायची, बोलायचं नाही. पेशंटचं तोंड बंद झालं, आणि जिभाऊ आयुष्यभर याच अर्ध्या-पाऊण तासाची वाट पाहत असतात. "तू बोलू नको, मी बोलस." घरून आईचा फोन येतो, जिभाऊ बोलतात. बँकेतून हप्त्याचा फोन येतो, जिभाऊ बोलतात आणि पुढच्या सोमवारची तारीख देऊन टाकतात. मेव्हण्याचा फोन येतो, नांगरटीला ट्रॅक्टर पाहिजे. पेशंट डोळे मोठे करून मान जोरात हलवतो. जिभाऊ फोनवर सांगतात, "दखा, हाऊ हा म्हनी राहिना. परवा घेऊन जा."

तिथून घरी जायचं असतं, पण रिक्षा वळते बाजार समितीकडे. थंडीच्या दिवसांत नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते तेव्हा वाऱ्यालासुद्धा ठसका लागतो. त्या हवेत, मिरचीच्या ढिगाशेजारी, तोंडात कापूस धरून आणि एक गाल फुगवून आपला पेशंट बसलेला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि शिंक आली तर कापूस सांभाळायचा की नाक, हा प्रश्न. जिभाऊ त्याच्याकडे बोट दाखवून व्यापाऱ्याला म्हणतात, "पोराचं ऑपरेशन करून थेट इकडं आलो शेठ, भाव नीट लावा." व्यापारी पेशंटकडे बघतो, हळहळतो, आणि भाव होता तोच लावतो.

परतीच्या वाटेवर प्रकाशा येतं. तापी ओलांडताना केदारेश्वराला हात जोडायचे, आणि मग उसाचा रस, नळीनं. नळी ओढू नये, चूळ भरू नये, थुंकू नये, हे डॉक्टरनं एका कागदावर लिहून दिलेलं असतं आणि तो कागद जिभाऊंच्या खिशात, मिरचीच्या पावतीला गुंडाळलेला. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, तीच त्या जखमेची मलमपट्टी. पहिल्या दिवशी तिला धक्का लावायचा नसतो. चोवीस तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या चुळा चालतात. जिभाऊंचं शास्त्र उलटं: "खराब रक्त आहे, थुंकून टाक." गाल बाहेरून थंड ठेवायचा, तर हे घरी पोचल्यावर वीट तापवून शेकायला बसवतात. दोन-तीन दिवस सूज वाढणारच असते, पण विटेनं ती ऐटीत वाढते. तिसऱ्या दिवशी गाठ सुटून हाड उघडं पडलं, की ठणका कानापर्यंत जातो. पेशंट पुन्हा डॉक्टरकडे, आणि सोबतीला पुन्हा जिभाऊ. "मी तेव्हाच म्हटलं होतं, सुरतेला चला."

पथ्य हा खान्देशी माणसाच्या सहनशक्तीचा कस. मऊ आणि बिनतिखट खायचं, म्हणजे जिभेला शिक्षा. दूधभात, पातळ खिचडी, केळं. शहाद्याच्या पट्ट्यात पपई शेतात उभी असते आणि दरवर्षी तिच्या भावावरून शेतकरी-व्यापारी बैठका झडतात. जन्मभर पपई विकलेला शेतकरी पहिल्यांदा तिची चव घेतो तो दाढ काढल्यावर. भेटायला येणारे जिभाऊ त्याच्यासमोर बसून यजमानांच्या घरचं भरीत आणि ठेचा खातात. "तू बघू नको, त्रास होईल."

बाईची दाढ काढायची असली की जिभाऊंना वेळ नसतो. ती शेजारणीला घेऊन सरकारी दवाखान्यात जाते, ओठ बधिर असतानाच परत येते आणि संध्याकाळी घरातल्या सगळ्यांच्या भाकरी थापते. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून घरात बोलणं होतं. चाखून पाहायला त्या दिवशी तिला अर्धीच जीभ असते. आणि धडगावच्या डोंगरातून येणारा माणूस घाट उतरून एसटीनं येतो, तो दुखणं सुरू झाल्यावर किती महिन्यांनी, हे त्याच्या गालाकडे बघून कळतं. त्याच्याही सोबतीला जिभाऊ नसतात. तिकडं मिरचीचा बाजार नाही.

तरीही तुमची दाढ निघायची असेल तर जिभाऊंना न्याच. बधिर जबड्यानं एकट्यानं गाडी चालवत परत येणं बरं नाही, आणि गर्दीच्या एसटीत तुम्हाला खिडकीची जागा मिळवून देणारा दुसरा माणूस सापडणार नाही. फक्त सकाळी जेवून निघा, चालू गोळ्यांची नावं डॉक्टरला स्वतःच्या तोंडानं सांगा, सूचनांचा कागद स्वतःच्या खिशात ठेवा आणि ट्रॅक्टरची किल्ली बायकोकडे देऊन जा.