परिषदेस जाणे

निबंध टपालाने पाठविता येत असताना तो स्वमुखाने वाचून दाखविण्याकरिता इतिहासाच्या प्राध्यापकाने ऐन डिसेंबरात आगगाडीत कुडकुडत परप्रांती का जावे, हा प्रश्न आमच्या घरात दरसाल उपस्थित होतो, आणि दरसाल मी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या आडोशास उभा राहून त्यास तोंड देतो. १८७४ साली लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेचे निमंत्रण आले असता भांडारकर गेले नाहीत, नाशिकच्या शिलालेखांवरील निबंध तेवढा त्यांनी रवाना केला. परंतु १८८६ साली परिषद व्हिएन्नास भरली तेव्हा मात्र ते जातीने हजर राहिले. यावरून, केवळ निबंध पाठवून विद्वानाचे समाधान होत नाही, असे अनुमान मी काढतो. "भांडारकरांना मुंबई सरकारनं पाठवलं होतं," एवढेच बोलून सौभाग्यवती माझे मोजे उन्हात घालतात.

वस्तुस्थिती अशी आहे की, आमच्या तालुक्याच्या गावी मला सर्वजण ओळखतात आणि तेच माझे दुःख आहे. भाजीवाल्यापासून स्टेशनमास्तरापर्यंत जो तो मला 'सर' म्हणतो. परंतु अठराव्या शतकातील कसब्यांची जकात या विषयात माझा शब्द प्रमाण मानावा लागतो, याची वार्ता त्यांच्यापैकी एकाच्याही कानी पोहोचलेली नाही. परगावच्या परिषदेत ती पोहोचलेली असेल, या आशेवर मी बंद गळ्याचा कोट शिवून घेतला, संभाव्य आक्षेपकांस द्यावयाची नम्र परंतु मर्मभेदक उत्तरे आरशासमोर घोटली, आणि निमंत्रणपत्रिका पुस्तकात अशा बेताने खोवून गाडीत बसलो की तिचा छापील मथळा समोरच्या बाकावरून वाचता यावा. समोर गुळाचे एक व्यापारी होते. त्यांनी मथळा वाचला नाही, फक्त पत्रिका पाहिली, आणि विचारले, "मुलीकडचे का मुलाकडचे?" मी परिषदेचे स्वरूप सविस्तर विशद केल्यावर त्यांनी तेथे मिळते किती, अशी पृच्छा केली. मिळत काही नाही, उलट प्रतिनिधीशुल्क आपणच भरावयाचे असते, हे ऐकताच त्यांच्या मुद्रेवर जी करुणा उमटली ती मी विसरू शकत नाही. त्यांनी पिशवीतून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला.

उद्घाटनाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. मंत्रिमहोदय उशिरा आले आणि इतिहासापासून बोध घ्यावा म्हणाले. शाखांच्या बैठका भोजनोत्तर सुरू झाल्या. अशा बैठकीस श्रोता म्हणून कोणी येत नसतो; जे बसलेले असतात ते आपापल्या पाळीची वाट पाहणारे वाचक असतात, आणि प्रत्येकजण आपले वाचून होताच पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर पडून कायमचा अंतर्धान पावतो. माझे नाव शेवटून दुसरे होते. माझी मर्मभेदक उत्तरे ऐकण्यास त्या वेळी शाखाध्यक्ष, ध्वनिक्षेपकवाला आणि शेवटचे वाचक एवढेच उरले होते. त्यांपैकी ध्वनिक्षेपकवाल्याने माझ्याकडे विशेष लक्ष दिले, कारण मी उठल्याखेरीज त्यास तारा गुंडाळता येत नव्हत्या.

ते शेवटचे वाचक खानदेशातले एक सेवानिवृत्त शाळामास्तर. कोणत्याही संस्थेचे प्रतिनिधी नव्हेत. पदरचे पैसे मोडून, तिसऱ्यांदा गाडी बदलून आलेले. गावच्या एका जुन्या वाड्यातील मोडी कागदांचे रुमाल त्यांनी वर्षानुवर्षे उतरवून काढले होते. प्रस्तावना संपवून ते मूळ पत्राशी येतात न येतात तोच अध्यक्षांनी घंटी वाजविली. गुरुजींनी वर पाहिले, "बरं," म्हणाले, आणि कागदांची घडी घालून खाली बसले. मी येथे थट्टा बाजूस ठेवून लिहितो की, मला त्या घंटीचा संताप आला आणि तो अद्याप ओसरलेला नाही. उद्घाटनाच्या भाषणास घड्याळ नसते, आभारप्रदर्शनास नसते. ज्याने आयुष्याची संध्याकाळ वाळवी लागलेल्या कागदांवर खर्ची घातली त्याच्याच चौथ्या मिनिटास परिषदेला वेळेचे मोल आठवते.

मी त्यांना व्हरांड्यात गाठले. चहाची कपबशी कठड्यावर ठेवून त्यांनी मूळ पत्रच मांडीवर उलगडले. जकातीच्या माफीचे पत्र, आत श्रीमंत माधवरावांचे नाव, आणि सुहूर सनाचा दहकाचा शब्द नेमका घडीवर फाटलेला. गुरुजी म्हणाले 'सबैन', मी म्हणालो 'तिसैन'. सबैन धरला तर साल १७७०-७१, म्हणजे थोरले माधवराव. तिसैन धरला तर १७९०-९१, म्हणजे त्यांचे पुतणे सवाई माधवराव. वीस वर्षांचा आणि एका अख्ख्या पेशव्याचा फरक! "अहो प्राध्यापक, हा 'स'चा फाटा दिसत नाही का तुम्हाला?" असे म्हणून गुरुजींनी कागद मावळतीच्या उजेडाकडे धरला, आणि आम्ही दोघे एका अक्षराच्या शेपटीवरून असे कडाडून भांडलो की चहा निवला, त्यावर साय धरली, आणि अमुक कोणी आपणांस ओळखावे ही माझी इच्छाच मला आठवेना. पत्रात तिथीबरोबर वार दिलेला होता. मोडकांची जंत्री मिळती तर निकाल घटकाभरात लागता. म्हणून आम्ही विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे धाव घेतली. दारावर सूचना होती : इतिहास परिषदेनिमित्त ग्रंथालय बंद राहील.

आता प्रवासखर्चाच्या बिलाविषयी, जो माझा खरा अभ्यासविषय होऊन बसला आहे. बिलाआधी तसलमातीचा अर्ज, अर्जाआधी रजेची मंजुरी, मंजुरीआधी बारनिशीत नोंद. परत आल्यावर हजेरीचा दाखला, आणि मग हिशेबनीसांची हरकत. फाटकावर तिकीट काढून घेतले जाते, तर मग प्रवास झाला कशावरून? हमालास दिलेल्या पैशांची पावती कोठे आहे? पूर्वी मी या शेऱ्यांनी चिडत असे. परंतु विचार करिता असे ध्यानी आले की, पेशव्यांच्या दफ्तरातील रोजकीर्दीत, कोणत्या जासुदाच्या पोटास काय दिले, हे ज्या कारकुनांनी टाकाने टिपून ठेवले, त्यांच्याच जिवावर आज आमची विद्वत्ता उभी आहे. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दफ्तरातले निवडक कागद छापले तेव्हा पंचेचाळीस भाग झाले; आणि त्या कागदांतील एकाही कारकुनास आपण इतिहास लिहीत आहो असा संशय आला नसावा. माझा निबंध वाळवी खाईल, बिल मात्र दफ्तरखान्यात राहील. दोनशे वर्षांनी एखादा संशोधक त्यावरून 'विसाव्या शतकातील हमाली' हा प्रबंध लिहील, आणि तळटीपेत माझे नाव बिनचूक छापले जाईल. म्हणून हल्ली मी निबंध पेन्सिलीने खरडतो, पण बिल काळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात, रकाने आखून लिहितो.

त्या नमुन्यात शेवटी 'प्रवासाची फलनिष्पत्ती' असा एक रकाना असतो. जंत्री घरी आल्यावर उघडली होती, गुरुजींचे कार्डही पाठोपाठ आले होते. तेव्हा मी त्या रकान्यात सत्यास स्मरून लिहिले : 'माधवराव कोणते, हे निश्चित झाले.' बिल यथाकाल परत आले. लाल शाईचा शेरा होता : 'सदर माधवराव हे संस्थेचे कर्मचारी आहेत किंवा कसे, व त्यांचा प्रवासखर्च प्रस्तुत मागणीत समाविष्ट आहे काय, याचा खुलासा उलट टपाली व्हावा.'