श्रीमान बदल अर्ज यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान बदल अर्ज ऊर्फ चेंज रिपोर्ट,
मुक्काम फाइल, पोस्ट कपाट, जिल्हा बुलढाणा.

विषय : गावोगावच्या संस्था आहेत तिथेच थिजवून ठेवल्याबद्दल आपलं जाहीर अभिनंदन.
संदर्भ : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०, कलम २२.

महोदय,

पत्रास कारण की, आपला दरारा. संस्थेचा अध्यक्ष वारला की दहावं घरचे करतात, तेरावं गाव जेवतं आणि चौदाव्या दिवसापासून आपला अंमल सुरू होतो.

घाटाखालच्या कुठल्याही खेड्यातलं 'ड' वर्गाचं वाचनालय घ्या. अध्यक्ष निवृत्त गुरुजी. गुरुजी गेले. सभा भरली, शोकठराव झाला, एका तरुण शिक्षकाला एकमताने अध्यक्ष केलं. भांडण नाही, तंटा नाही. उलट "माह्या मागं हे झंझट नका लावू भौ" म्हणून चौघांनी आधीच अंग काढून घेतलेलं. कोषाध्यक्ष चेकबुक घेऊन बँकेत जातात. काउंटरवरच्या बाई ठराव वाचतात, सहीचा नमुना पाहतात आणि दोन्ही कागद परत सरकवतात : "चेंज रिपोर्टची ऑर्डर आणा."

मग आपलं दर्शन. सभेची नोटीस, ती मिळाल्याची पोच, हजेरीपट, ठरावाची प्रत, नव्या माणसाचं संमतीपत्र, शपथपत्र, गुरुजींच्या मृत्यूचा दाखला. कोषाध्यक्ष राजूर घाट चढून बुलढाण्याला येतात. आधी झेरॉक्सवाला, मग नोटरी, मग वकील आणि शेवटी धर्मादाय कार्यालयात आपण. अर्जात त्रुटी निघते. पूर्तता केली की तारीख पडते. तारखेला हजर राहिलं की पुढची तारीख मिळते. संग्रामपूर किंवा जळगाव जामोदकडच्या माणसाचा अशा एका हेलपाट्यात अख्खा दिवस जातो, रोजही बुडतो.

तोवर आपल्या दफ्तरी गुरुजी हयात आहेत. संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, म्हणजे शेड्यूल वनच्या नकलेवर, त्यांचंच नाव. पुराणांनी चिरंजीव सातच मानले. आपण ती यादी तालुक्यातालुक्यात वाढवून ठेवलीत.

खात्यात पैसे आहेत, काढायला सही नाही. खामगावच्या पुस्तकविक्रेत्याचं बिल थकतं, छपरावर पत्रे टाकणाऱ्याची मजुरी अडकते, ग्रंथपालाचं मुळातलं तुटपुंजं मानधन आणखी लांबतं. कलम २२ शी काडीचाही संबंध नसलेल्या दुकानदाराला आपण उधारीच्या वहीत नेऊन बसवता. पुढच्या वेळी संस्थेचं नाव ऐकलं की तो रोखीचीच भाषा करतो. संस्थेची पत अशी जाते आणि तिच्यासोबत त्याचा धंदाही.

आपले भाऊबंदही कर्तबगार. आयकर खात्यातल्या धाकट्याने १ एप्रिल २०२१ पासून जुन्याजाणत्या धर्मादाय संस्थांनाही १२एबी कलमाखाली नव्याने नोंदणी घ्यायला लावली. मुदत वाढत वाढत जून २०२४ पर्यंत आली, तरी खेड्यातल्या कित्येकांना कळलंच नाही, कारण ओटीपी गुरुजींच्या मोबाइलवर जात होता. दिल्लीतला थोरला तर आणखी तालेवार. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीपासून अशी देणगी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या एकाच शाखेत उतरते आणि एका संस्थेने त्यातला रुपयाही दुसरीला द्यायचा नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेमार्फत बुलढाण्यातल्या लहान संस्थेपर्यंत तो पैसा येण्याची वाट तिथेच बुजली.

आता जरा बाजारपेठेत चला. चिखलीत कुणी मोबाइलचं दुकान टाकलं आणि हाताखाली मोजकीच माणसं असली, तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे त्याने फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. व्यापाऱ्यांसाठी २०२३ मध्ये जनविश्वास कायदा झाला आणि ४२ केंद्रीय कायद्यांतल्या १८३ तरतुदींचा फौजदारी जाच कमी केला. छान झालं. जीएसटीच्या नोटिसांचं शुक्लकाष्ठ त्याच्यामागे आहेच, पण त्याला मोकळं करावं असं सरकारला निदान वाटतं तरी. व्यवसायसुलभतेसाठी राज्याराज्यांत चुरस लागते, प्रतवारी निघते, मंत्री सत्कार घेतात. सेवासुलभतेची प्रतवारी कुणी काढल्याचं ऐकिवात नाही. नफ्यासाठी शटर उघडणाऱ्याचा शब्द सरकारला पुरतो; पदरमोड करून वाचनालय उघडणाऱ्याचा ठराव मात्र संशयित ठरतो.

आपल्या जन्माला कारण होतं, हे नाकारत नाही. देवस्थानांच्या जमिनी राखणाऱ्यांनीच गिळल्या, शिक्षणसंस्था बघता बघता घराण्यांच्या झाल्या. देखरेख हवीच होती. पण खरा खाणारा आपल्याला कधी भ्यायला? त्याच्या पदरी वकील असतो, सीए असतो. उलट आपण त्याच्या हातचं हत्यार झालात. दोन गट, दोन सभा, दोन बदल अर्ज. निकाल लागेपर्यंत जुनेच कारभारी खुर्चीला चिकटून. एक हरकत टाकली की अख्खा कार्यकाळ आरामात निघतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आपला हिशेबही एकतर्फी. संस्थेने बदल ९० दिवसांत कळवायचा. उशीर झाला तर सबळ कारण द्यायचं आणि वर खर्चाची रक्कम भरायची. आपल्याकडे झालेल्या उशिराचा दर मात्र कुठल्याच कलमात छापलेला नाही. २०१७ मध्ये कायद्यात एक शहाणी दुरुस्ती झाली. विश्वस्तांच्या नावातला बदल कामकाजाच्या १५ दिवसांत तात्पुरता मंजूर करता येतो, मग ३० दिवस हरकती मागवायच्या, हरकत आली नाही तर तोच आदेश कायम. सोय चोख आहे. ती वापरलीच पाहिजे असं बंधन नाही, म्हणून आपलं राज्य शाबूत आहे.

नियमाने वाट दिली की काय होतं, हे बुलढाण्याने देशाला दाखवलंय. महामार्गाला माती हवी होती, तलावांना खोली हवी होती. दोन खाती एकमेकांच्या परवानग्यांत अडकून न बसता एकत्र आली. तलाव-नाल्यांतली माती रस्त्याखाली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेत पाणी साठलं. निती आयोगाने त्याला 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून नावाजलं. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने यंत्रं पुरवली, प्रशासनाने डिझेलचा भार उचलला आणि 'सुजलाम सुफलाम बुलढाणा' मोहीम उभी राहिली. सरकारने एका स्वयंसेवी संस्थेवर भरवसा टाकला, तेव्हा दुष्काळी जिल्ह्यात एवढं काम झालं. तोच भरवसा अध्यक्ष बदलणाऱ्या वाचनालयावर टाकायला काय हरकत आहे?

तेव्हा मागणी सरळ आहे. ठराव एकमताचा असेल आणि कागद पूर्ण असतील, तर १५ दिवसांची ती तात्पुरती मंजुरी सक्तीची करा. मुदत टळली तर बदल मंजूर झाला असं कायद्यानेच धरावं. जिथे वाद आहे तिथे खुशाल खोलात जा. संस्थेची जमीन विकायला निघाली असेल तर दहादा तपासा. त्याला कुणाची ना नाही.

आणि वाचकहो, श्रीमान स्वतःहून हलणाऱ्यांतले नाहीत. आपापल्या गावच्या वाचनालयाची, देवस्थानाची, शाळेची शेड्यूल वनची नक्कल काढा. त्यातले किती विश्वस्त हयात आहेत ते मोजा आणि आमदार पुढच्या उद्घाटनाला आले की तो आकडा त्यांच्या हातावर ठेवा. कायदा विधिमंडळात बदलतो, आणि तिथे हा आकडा अजून पोचलेला नाही.

कळावे, लोभ आहेच, तो थोडा कमी व्हावा ही विनंती.

आपला,
बुलढाणा जिल्ह्यातला एक वर्गणीदार सभासद